गाणं फुकट झालं, पण फोन कुणाच्या हातात?

(महिला मंडळं आणि बचत गटांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलीचा बाज तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

दोन दिवस आपण पोटगी, रेशन कार्ड, पोलीस ठाणं, कायदा अशा विषयांवर बोलतोय. आणि आज मी तुमच्याशी गाण्याबद्दल बोलणार आहे. काहीजणी हसल्या, ते मला इथून दिसलं. पूर्वी मीही हसले असते. समाजकार्याचं शिक्षण घेताना आम्हाला कुटुंबाची माहिती कशी घ्यायची ते शिकवलं. उत्पन्न किती, घर कुणाच्या नावावर, व्यसन आहे का, मुलं शाळेत जातात का. बाई गाणं कुठं ऐकते, कुणाच्या परवानगीनं ऐकते, हे विचारायला कुणी शिकवलं नाही. ते मला एका बाईनं शिकवलं.

आमच्या समुपदेशन केंद्रात एक ताई आली. तिशीची, पदरात दोन मुलं, शेतमजुरी करणारी. दंडावर वळ उठलेले. आमच्या नोंदवहीत ‘भांडणाचे कारण’ असा एक रकाना आहे. दारू, संशय, पैसा, माहेरून काही आणायचा तगादा, असं काहीतरी त्यात लिहायची आपल्याला सवय. मी विचारलं तर ती म्हणाली, “काही नाही ओ ताई, गाण्यावरून झालं.” मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. घरात मोठा फोन एकच, नवऱ्याचा. दुपारी तो जेवून आडवा झाला की ही तो फोन घ्यायची, चुलीपाशी बसायची आणि आवाज अगदी बारीक करून लहानपणी ऐकलेली सिनेमातली गाणी लावायची. एक दिवस नवऱ्यानं फोन उघडला, तर लावलेल्या गाण्यांची यादी समोर आली. त्यात प्रेमाचं एक गाणं तीन-चारदा वाजलेलं. “हे कुणाच्या आठवणीत ऐकतेस?” एवढंच विचारलं त्यानं, आणि मारायला सुरुवात केली. सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, “तुम्ही लिहा, किरकोळ कारण.”

मी पेन हातात धरून बसून राहिले. त्या रकान्यात काय लिहायचं, याचा विचार मी अजून करते आहे. तो आज तुमच्यासमोर करते.

बाईपर्यंत गाणं कसं पोचत आलं, ते आधी आठवून बघूया. आपल्या आज्यांना गाणं शोधायला कुठं जावं लागत नव्हतं. जात्यावर, बारशाला, हळदीला, हादग्याच्या फेरात ते दुसऱ्या बाईच्या तोंडून यायचं. नांदायला आलेली पोर माहेरची ओवी बरोबर आणायची आणि जावा-नणंदांच्या तोंडून सासरच्या गावची उचलायची. पण मी इथं जुन्या दिवसांचे गोडवे गायला उभी नाही. पहाटे उठून पायली पायली दळायचं म्हणजे कंबर मोडायची. विजेची गिरणी आली हे फार चांगलं झालं. जातं परत आणा असं आपल्यापैकी एकही बाई म्हणणार नाही. पण जातं गेलं तेव्हा बाईची गायची हक्काची जागाही गेली. तिच्या बदल्यात दुसरी जागा कुणी दिली नाही.

पुढं रेडिओ आला. माझी आई ‘आपली आवड’ ऐकत भाकरी थापायची. वडील घरात आले की बातम्या लागायच्या आणि तिचं गाणं अर्ध्यावर राहायचं. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आल्या. गाणं ट्रॅक्टरवर, रिक्षात, मांडवात, पानाच्या टपरीवर वाजू लागलं. कोणतं वाजवायचं हे ठरवणारा बहुतेक ठिकाणी पुरुषच असायचा. मी कॉलेजात असताना बाजारात मोबाईलची दुकानं निघाली. दहा-वीस रुपये दिले की मेमरी कार्डात गाणी भरून मिळायची. त्या दुकानापुढं पोरांचा घोळका असायचा. मुलगी तिथं उभी राहिली तर संध्याकाळपर्यंत गावभर बोभाटा. म्हणून आम्ही भावाजवळ कार्ड द्यायचो आणि त्यानं जे भरून आणलं ते ऐकायचो.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झालं. पहिले काही महिने इंटरनेट फुकट होतं. नंतर पैसे पडू लागले तरी दर पूर्वीच्या मानानं खूप खाली आले. यूट्यूब खेड्यापाड्यात गेलं आणि एका बोटावर लाखो गाणी आली. यानं बाईच्या आयुष्यात काहीच बदललं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. मी बदल बघितला आहे.

आमच्या मंडळात एक मावशी आहेत, अंगठा उठवणाऱ्या. त्यांच्या नातीनं त्यांना फोनवरचं माईकचं चित्र दाबून बोलायला शिकवलं. मावशींनी एका गवळणीचे पहिले दोन शब्द सांगितले, आणि तीच गवळण निरनिराळ्या गळ्यांतून समोर आली. त्यातली एक चाल त्यांच्या माहेरच्या बाजूची निघाली. आई गेल्यापासून ती चाल त्यांच्या कानावर पडली नव्हती. अक्षरओळख नसलेल्या बाईनं स्वतःहून, कुणाला न विचारता काही शोधावं आणि ते तिला सापडावं, ही साधी गोष्ट नाही. आपण साक्षरतेच्या वर्गात ज्या आत्मविश्वासाबद्दल बोलतो, तो मला त्या दिवशी मावशींच्या चेहऱ्यावर दिसला.

दुसरं उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी बरोबरच्या कार्यकर्त्यांसह गावोगाव जाऊन एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. नव्वदच्या दशकात त्यातल्या कित्येक बायकांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. २०१७ पासून ‘परी’ या संस्थेनं, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियानं, त्या इंटरनेटवर सर्वांसाठी खुल्या करायला सुरुवात केली. आम्ही बचत गटाच्या बैठकीत त्यातल्या काही लावल्या. एक म्हातारी मध्येच म्हणाली, “ही आमच्याकडं हाय, पण श्येवट निराळा.” आणि तिनं तो म्हणून दाखवला. मग दुसरीला आठवली, तिसरीला आठवली. त्यादिवशी हप्ते गोळा करायला उशीर झाला. सासुरवास, लेकीची माया, मारणारा नवरा, बाबासाहेब, सगळं त्या ओव्यांत होतं. समोर बसलेल्या सुना आपल्या सासवांकडं वेगळ्याच नजरेनं बघत होत्या.

तिसरं उदाहरण छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात यांचं. एकतारीवर भीमगीतं गाणारी ही बाई. मोबाईलवरून फिरलेल्या चित्रफितींमुळे त्यांचा आवाज महाराष्ट्रभर गेला. एरवी दलित, गरीब बाईचा आवाज मोठ्या कंपनीच्या दारात किती सहज पोचला असता, ते तुम्हीच सांगा.

हे सगळं खरं आहे, आणि तरीही ती चुलीपाशी बसलेली ताई खरी आहे.

गाणं फुकट झालं म्हणतो तेव्हा ते कुणासाठी, हे विचारायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे ५४ टक्के बायकांकडे स्वतः वापरायचा मोबाईल होता. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या बायका ३३ टक्के होत्या, तर पुरुष ५७ टक्के. स्वतःचा फोन असला तरी महिन्याचा रिचार्ज कोण मारतो? गाणं फुकट असेल, पण त्याच्या दारापर्यंतचं भाडं बाईला दुसऱ्याकडून मागून घ्यावं लागतं.

काही गावांनी तर उघडच सांगितलं. २०१६ साली गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या सूरज या गावानं लग्न न झालेल्या मुलींना मोबाईल वापरायची बंदी केली. मोडल्यास २१०० रुपये दंड. कारण काय, तर अभ्यासात लक्ष राहत नाही आणि मुली बिघडतात. मुलग्यांचं लक्ष कशानं बिघडतं, याची चिंता गावाला पडली नाही. आपल्याकडं असा ठराव करावाही लागत नाही. घराघरात तो आधीच झालेला असतो.

आणखी एक गोष्ट बारकाईनं बघा. फोन आपल्याला पुढची गाणी आपणहून सुचवतो. कशावरून? त्या फोनवर आधी काय वाजलं, यावरून. म्हणजे नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर बाईनं गाणी उघडली, तर तिला समोर दिसतात ती त्यांच्या आवडीची. ते यंत्र माणूस ओळखत नाही, फोन ओळखतं. रेडिओच्या काळात वडील स्टेशन बदलायचे तेव्हा निदान दिसायचं तरी. आता बदलणारा हात दिसत नाही आणि बाईला वाटतं, जगात गाणी एवढीच आहेत. उलट तिनं स्वतःचं काही शोधलं की त्याची नोंद मागं राहते. पूर्वी ओवी वाऱ्यावर जायची. सासूनं ऐकली तरी पुरावा नसायचा. नवऱ्याची, दिराची, सगळ्या घराची उणीदुणी बाई जात्यावर काढायची आणि सकाळी तीच भाकरी सगळे खायचे. आता एक गाणं ऐकलं तरी पुरावा.

कुणी म्हणेल, मग बाईला यादी पुसायला शिकवा, प्रश्न मिटला. ते शिकवायलाच हवं. नोंद बंद कशी ठेवायची, जुनी कशी पुसायची, हे मी स्वतः प्रत्येक शिबिरात दाखवते. पण मैत्रिणींनो, पुसायला शिकवणं म्हणजे लपवायला शिकवणं. मार चुकवण्यासाठी ते गरजेचं आहे. त्याला हक्क म्हणता येणार नाही. आपल्याला जे आवडतं ते उघड्यावर, मोठ्या आवाजात ऐकता येणं, हा हक्क.

दुसरी जबाबदारी गाणाऱ्या बाईची. मध्यंतरी एका गावात भजनी मंडळातल्या बायका गात असताना गावातल्या पोरांनी चित्रीकरण केलं आणि कुणालाही न विचारता इंटरनेटवर टाकलं. खाली लोकांनी एका बाईच्या दिसण्यावर घाणेरडं लिहिलं. तिनं मंडळात यायचंच सोडलं. गाणं कुणालाही फुकट मिळतं याचा अर्थ गाणाऱ्या बाईला न विचारता ते उचलावं, असा होत नाही. आपणही कार्यक्रमात सर्रास फोन काढतो. तेव्हा आधी विचारूया. नाव घालायचं का, चेहरा दाखवायचा का, हे तिनं ठरवावं. तिच्या आवाजावर कुणी पैसे मिळवत असेल तर त्यात तिचा वाटा मागूया.

चळवळीला गाण्याची ताकद नवीन सांगायला नको. १९८३ साली ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ आलं, तेव्हा गाण्यांच्या जोरावर ते गावोगाव पोचलं. मोर्चात, शिबिरात आपण एकत्र गात आलो. मग ऐकणंही एकत्र का नसावं? आमच्या तीन गटांत आम्ही महिन्याच्या बैठकीत अर्धा तास ठेवला आहे. दर वेळी एक बाई सांगते, तिला काय ऐकायचं आहे. ओवी, लावणी, कव्वाली, सिनेमातलं, काहीही. ‘हे चांगलं, हे वाईट’ म्हणायला बंदी. पहिल्या महिन्यात सगळ्यांनी भजनं सांगितली. तिसऱ्या महिन्यात एका आजींनी लाजत लाजत लावणी मागितली. बाईला स्वतःला काय आवडतं, हे बोलायलाच तीन महिने लागले, कारण तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

आता त्या रकान्याकडं येते. मारहाण ही हिंसाच, कारण काहीही असो. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा नवऱ्याकडं सबळ कारण होतं का, हे विचारत नाही. पण बाई जेव्हा स्वतःच्या दुखण्याला किरकोळ म्हणते, तेव्हा आपण तिच्या मागोमाग किरकोळ लिहायचं का? त्या दिवशी मी लिहिलं, ‘पत्नीने स्वतःच्या आवडीचे गाणे ऐकले म्हणून पतीने मारहाण केली.’ आणि तिला वाचून दाखवलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “असं वाचल्यावर मोठं वाटतंय.”

ते मोठंच आहे. परत गेल्यावर तुमच्याकडं येणाऱ्या बाईला उत्पन्न, व्यसन, घर हे सगळं विचाराच. त्याबरोबर एवढंही विचारा की, तुला काय ऐकायला आवडतं, आणि ते ऐकायला मिळतं का?