यंत्रानें घेतलेली परीक्षा आणि न पोंचलेलें साहित्य

एखाद्या मोठ्या बँकेची किंवा विमा कंपनीची संगणकावरील आज्ञावली ही एकच एक वस्तु नसते. व्याजाची आकारणी करणारा एक भाग, खातेवहींत नोंद घालणारा दुसरा, ग्राहकाला संदेश पाठविणारा तिसरा, अशा शेंकडों, कधीं हजारों लहान भागांची ती मांडणी असते. यांपैकीं कोणताही भाग स्वतःच्या बळावर फारसें कांहीं करूं शकत नाहीं. व्याज आकारणाऱ्याला खात्यांतील शिल्लक हवी, आजची तारीख हवी, व्याजाचा दर हवा. आणि हें सर्व त्याला दुसऱ्या भागांकडून मिळावयाचें असतें. ज्याच्यावांचून ज्याचें अडतें तें त्याचें अवलंबन. धंद्यांतला शब्द डिपेंडन्सी. हें अवलंबन ज्याचें त्यानें शोधून आणावें, कीं बाहेरून कोणी तरी तें त्याच्या हातांत आणून द्यावें, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा गेल्या पंचवीस वर्षांत बराच खल झाला आहे. ज्या घरांतला मुलगा किंवा सून हिंजवडीच्या कचेरींत काम करते आणि ‘टेस्ट फेल होतेय’ असें पुटपुटत उशिरां जेवावयास बसते, त्या घरांत हा प्रश्न वरचेवर येऊन जात असतो; फक्त त्याची ओळख कोणी करून दिलेली नसते.

नाटक मंडळींतील पद्धत आठवली म्हणजे हा विषय चटकन् ध्यानांत येतो. शिवाजीचें काम करणारा नट प्रवेशापूर्वीं बाजारांत जाऊन तलवार विकत आणीत नाहीं. मंडळीचा व्यवस्थापक ती विंगेंत त्याच्या हातांत देतो. तलवार खरी कीं लांकडी, कोणत्या पेटींतली, हें पाहणें नटाचें काम नव्हे. त्यानें ती नीट चालवावी म्हणजे झालें. आज्ञावलींतही असा एक व्यवस्थापक नेमतात. त्याला कंटेनर म्हणतात. प्रत्येक भागाला काय काय लागतें याची यादी तो वाचतो, त्या त्या वस्तु निर्माण करितो आणि जेथल्या तेथें बसवून देतो. या पुरवठ्यालाच डिपेंडन्सी इंजेक्शन असें नांव आहे. नांव दवाखान्यांतलें वाटतें खरें, परंतु त्यांत टोंचण्यासारखें कांहीं नाहीं.

जावा ही भाषा १९९५ सालीं प्रसिद्ध झाली. मोठ्या कंपन्यांच्या कामासाठीं तिच्यावर जी सरकारी थाटाची व्यवस्था उभी राहिली ती इतकी जड होती कीं, एका लहानशा भागाची चांचणी घ्यावयाची तरी सगळा सर्व्हर सुरू करावा लागे. रॉड जॉन्सन या गृहस्थांनीं २००२ सालीं या व्यवस्थेवर टीका करणारें एक जाडजूड पुस्तक लिहिलें आणि त्याबरोबर आपल्या पद्धतीचा नमुना म्हणून प्रत्यक्ष आज्ञाही दिल्या. त्यांतूनच पुढें स्प्रिंग नांवाची चौकट वाढली. तिची पहिली पक्की आवृत्ति मार्च २००४ मध्यें निघाली. त्याच वर्षीं जानेवारींत मार्टिन फाउलर यांनीं एक लेख लिहून या पद्धतीला डिपेंडन्सी इंजेक्शन हें नांव रूढ केलें. इकडे आपोआप चालणाऱ्या चांचण्यांचें साधन त्यापूर्वींच तयार होतें. केंट बेक आणि एरिख गामा या दोघांनीं १९९७ सालीं झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानांत बसून जेयुनिटचा आरंभ केला, ही हकीकत या धंद्यांत सर्वतोमुखी आहे.

या दोहोंचें सख्य असण्याचें कारण उघड आहे. तालमीला खरी तलवार लागत नाहीं. व्याज आकारणारा भाग तपासतांना बँकेची खरी खातेवही उघडावयाची नसते. तिच्या जागीं एक बदली वस्तु बसवितात. तिला मॉक म्हणतात. पुरवठा बाहेरूनच होत असल्यामुळें खऱ्याच्या ठिकाणीं बदली ठेवणें सोपें जातें, आणि हजारों चांचण्या रोज रात्रीं माणसाच्या देखरेखीवांचून पार पडतात. परंतु जेथें पुरवठा आला तेथें पुरवठ्याचे घोटाळेही आले.

सर्वांत वरचेवर येणारा घोटाळा रिकाम्या हाताचा. चांचणी सुरू होते आणि पहिल्याच ओळींत ‘नल पॉइंटर एक्सेप्शन’ असा पुकारा होऊन बंद पडते. नल म्हणजे जेथें वस्तु असावयास हवी तेथें कांहींच नाहीं. नवशिका माणूस ती वस्तु तपासूं लागतो. वास्तविक तपासावयाचें असतें तें दुसरेंच : ज्या भागाच्या हातांत ती वस्तु द्यावयाची होती, त्या भागाला जन्म कोणी दिला? कंटेनरनें दिला असेल तर त्यानें सोबत साहित्यही दिलें असतें. परंतु चांचणी लिहिणाऱ्यानें ‘न्यू’ ही आज्ञा वापरून तो भाग स्वतःच निर्माण केला असेल, तर व्यवस्थापकाला त्याची खबरच नसते. नट घरीं आरशासमोर तालीम करीत आहे आणि तलवार विंगेंत पडली आहे, असा तो प्रकार होय. त्या भागांतील जागेवर ‘ऑटोवायर्ड’ अशी चिठ्ठी चिकटविलेली असतेच. पण चिठ्ठी वाचणारा तेथें कोणी नसला तर ती नुसती चिठ्ठी.

याच दुखण्याचा एक प्रकार फार फसवा आहे आणि त्यावर अनेकांचे दिवस गेले आहेत. जेयुनिटची पांचवी आवृत्ति २०१७ सालीं आली. चौथ्या आवृत्तींत चांचणीवर ‘टेस्ट’ या नांवाची खूण करावी लागे. पांचवींतही खुणेचें नांव ‘टेस्ट’ हेंच राहिलें, केवळ तिचें गोत्र बदललें, म्हणजे ती दुसऱ्या पॅकेजमधून येऊं लागली. फाईलच्या अगदीं वरच्या बाजूस, जेथें कोणी लक्ष देऊन पाहत नाहीं, तेथें हें गोत्र लिहिलेलें असतें. लिहिणाऱ्याला मदत करणारें साधन दोन्ही नांवें सुचवितें आणि घाईंत जुनें निवडलें जातें. मग होतें असें कीं, स्प्रिंगचा व्यवस्थापक नव्या आवृत्तीच्या दारांत साहित्य घेऊन उभा, आणि चांचणी जुन्या दारानें आंत शिरून रिकाम्या हातानें रंगभूमीवर हजर! आज्ञांत चूक नाहीं, चिठ्ठ्या जागच्या जागीं आहेत, तरी वस्तु मिळत नाहीं. वरची ती एक ओळ बदलली म्हणजे सगळें सुरळीत होतें. ही ओळ पाहण्याची संवय ज्यांना जडली त्यांचे पुढचे कित्येक तास वांचले.

याहूनही वाईट गोष्ट म्हणजे जुनें दारच बंद असणें. स्प्रिंग बूटच्या २.४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० च्या अखेरीपासून, जुन्या चांचण्या चालविणारें यंत्र नेहमींच्या साहित्यांतून वगळण्यांत आलें. जेयुनिटची चौथी आवृत्ति दुसऱ्या एखाद्या ग्रंथालयाच्या आडून आंत आलेली असली तर जुनी खूण वाचतां येते, संकलन बिनतक्रार होतें, परंतु ती चांचणी चालतच नाहीं. ती नापासही होत नाहीं. परीक्षेला न बसलेल्या मुलाचें नांव नापासांच्या यादींत शोधून काय उपयोग? म्हणून किती चांचण्या यशस्वी झाल्या यापेक्षां एकंदर किती चालल्या, हा आंकडा आधीं पाहावा.

दुसरा घोटाळा अगदीं बोलका आहे. ‘अशी वस्तु माझ्याकडे नाहीं’ असें कंटेनर स्वच्छ सांगतो. मात्र सांगण्याची त्याची रीत कीर्तनकाराची. पहिल्या ओळींत भलतेंच आख्यान असतें, मग ‘त्याचें कारण’, मग ‘त्याचेंही कारण’, अशी शंभर-दीडशें ओळींची माळ लागते. खरें मूळ बहुधा सर्वांत खालच्या ‘कॉज्ड बाय’ या शब्दांपुढें असतें. वाचन तेथूनच सुरू करावें. वस्तु न सांपडण्याचीं कारणें मोजकीं आहेत. ज्या पॅकेजांत ती ठेवली तें पॅकेज व्यवस्थापकाच्या पाहणीच्या हद्दीबाहेर असतें. किंवा वेळ वांचविण्यासाठीं व्यवस्थापकाला मुद्दामच अर्धें सामान दिलेलें असतें : ‘वेबएमव्हीसीटेस्ट’ ही खूण केली म्हणजे फक्त दर्शनी दालनाचे भाग उभे केले जातात, आंतलें कोठार उभें राहत नाहीं, तेथें कोठारांतली वस्तु मागितली तर नकार येणारच. ती बदली म्हणून आपण पुरवावयाची असते. कधीं याच्या उलट, एका प्रकारच्या वस्तूच्या मागणीला दोन वस्तु हजर होतात आणि कोणती द्यावी हें व्यवस्थापकाला कळत नाहीं. तेव्हां एकीला ‘प्रायमरी’ म्हणून अग्रमान द्यावा किंवा हवी तिचें नांव स्पष्ट लिहावें. आणखी एक बारीक गोष्ट : चांचणीच्या साहित्यांत ‘अॅप्लिकेशन’ याच नांवाची मांडणीची फाईल ठेवली तर ती मुख्य फाईलींत भर घालीत नाहीं, तिला झांकून टाकते, मग मुख्य फाईलींतले दर आणि पत्ते एकाएकीं नाहींसे होतात.

हे सर्व घोटाळे आरडाओरडा करणारे आहेत, आणि आरडाओरडा करणारा घोटाळा हा चांगला घोटाळा. भीति आहे ती गप्प बसणाऱ्याची.

मॉकिटो या प्रसिद्ध साधनानें बनविलेली बदली वस्तु मोठी आज्ञाधारक असते. तिला काय उत्तर द्यावें हें शिकविलें नसलें तरी ती अडत नाहीं. संख्या विचारली तर शून्य सांगते, होय-नाहीं विचारलें तर नाहीं म्हणते, यादी मागितली तर रिकामी यादी देते. आतां एक चांचणी अशी कल्पावी : कर्ज पुरतें फेडलेल्या खातेदाराकडे बाकी शून्य दाखविली जाते कीं नाहीं? बाकी मोजणाऱ्या भागाच्या जागीं बदली बसली आहे आणि तिला शिकवावयाचें राहून गेलें आहे. ती शून्य सांगते. चांचणी उत्तीर्ण होते, हिरवी खूण झळकते. प्रत्यक्षांत बाकी मोजणारी एकही आज्ञा चाललेली नसते. उद्यां त्या मोजणींत चूक झाली आणि कर्ज फेडलेल्या एखाद्या विधवेच्या नांवावर हप्ता पडला, तरी ही चांचणी हिरवीच राहील. अशा ठिकाणीं उत्तर मुद्दाम शून्येतर येईल असें उदाहरण घालावें. आणि एकदां मूळ आज्ञा हातानें बिघडवून चांचणी लाल होते कीं नाहीं हें पाहावें. न होणारी चांचणी काढून टाकलेली बरी, कारण तिच्या भरंवशावर माणसें झोंपतात.

हा भरंवसा किती महाग पडतो याचें एक उदाहरण इंग्लंडांत घडलें. टीएसबी बँकेनें एप्रिल २०१८ मध्यें आपल्या सुमारें ५२ लाख ग्राहकांचीं खातीं एका नव्या व्यवस्थेवर हलविलीं. लाखों लोकांना आपल्याच पैशांपर्यंत पोंचतां येईना. कित्येकांचीं देणीं अडकलीं, आणि सगळें पुन्हां मार्गावर यावयास डिसेंबर उजाडला. पुढें चौकशींत दिसून आलें कीं, दोन डेटा सेंटरांपैकीं भाराची चांचणी एकावरच घेतली गेली होती. दुसरें पहिल्यासारखेंच असेल असें धरून चालले होते, आणि तें तसें नव्हतें. डिसेंबर २०२२ मध्यें नियामकांनीं बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. त्या प्रकरणाचा डिपेंडन्सी इंजेक्शनशीं थेट संबंध नाहीं, हें सांगितलें पाहिजे. परंतु तपासलेली वस्तु आणि चालणारी वस्तु एक नव्हेत, हा दोष तेथलाही आणि येथलाही. म्हणून जाणते लोक सगळ्याच जागीं बदल्या बसवीत नाहींत. थोड्या चांचण्या तरी खऱ्या डेटाबेसवर, खऱ्या मांडणींत घेतात.

रिकाम्या हाताच्या दुखण्यावर एक जुना पण जालीम उपाय आहे. लागणारें साहित्य चिठ्ठी चिकटवून न मागतां कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे भागाच्या जन्माच्या वेळींच मागावें. स्प्रिंगचे कर्तेही हाच मार्ग सुचवितात. मग साहित्यावांचून तो भाग जन्मासच येऊं शकत नाहीं. न्यू म्हणून कोणी तो निर्माण करूं गेलें तर संकलकच अडवितो. शिवाय एखाद्या भागाला जन्मतःच चौदा वस्तु लागतात असें दिसलें म्हणजे तो भाग एकट्यानें फार कामें ओढतो आहे, हेंही डोळ्यांत भरतें. चिठ्ठ्यांच्या पद्धतींत तें झांकून राहत असे.

शेवटचा घोटाळा सामाईक सामानाचा. कंटेनर उभा करण्यास वेळ लागतो म्हणून स्प्रिंग एकदां उभा केलेला कंटेनर जपून ठेवते आणि तशाच मांडणीच्या पुढच्या चांचणीला तोच देते. असे ३२ पर्यंत जपले जातात; त्यावर ज्याचा वापर होऊन सर्वांत अधिक काळ लोटला असेल तो जातो. एका चांचणीनें सामाईक वस्तूंत कांहीं लिहून ठेवलें तर दुसरी तें वाचते. त्यामुळें एकटी चालविली असतां उत्तीर्ण होणारी चांचणी सगळ्यांबरोबर नापास होते, किंवा कचेरींत पास आणि सर्व्हरवर नापास. येथें पुष्कळ जण ‘डर्टीजकाँटेक्स्ट’ ही खूण करून प्रत्येक वेळीं कंटेनर मोडून नवा उभारावयास लावतात. दुखणें थांबतें, पण पांच मिनिटांचें काम तासावर जातें. आणि मग कंटाळून कोणी चांचण्या चालवीतच नाहीं. त्यापेक्षां आपण लिहिलेलें आपणच पुसून जावें. प्रत्येक चांचणीनें निरनिराळ्या बदल्यांची मागणी केली तरीही दर वेळीं नवा कंटेनर उभारला जातो, म्हणून बदल्यांचे ठराविक दोन-चार संच ठेवणें सोयीचें.

बदली बसविण्याची ‘मॉकबीन’ ही खूण २०१६ पासून चालत आली होती. नोव्हेंबर २०२४ मध्यें स्प्रिंग बूटच्या ३.४ या आवृत्तीनें ती कालबाह्य ठरविली आणि स्प्रिंगच्या ‘मॉकिटोबीन’ या खुणेकडे बोट दाखविलें. नुसतें नांव बदलून काम भागेल असें समजणाऱ्यांची मात्र येथें फसगत होते. जुनी खूण मांडणीच्या वर्गांतही चाले. नवी तेथें चालत नाहीं. म्हणजे बदली बसतच नाहीं आणि तिच्या जागीं खरी वस्तु हजर होते. ती वस्तु पत्रें पाठविणारी असली तर मध्यरात्रीं चालणारी चांचणी खऱ्या ग्राहकांना खरीं पत्रें पाठवूं शकते. त्या खुणा मांडणीच्या वर्गांतून उचलून चांचणीच्या वर्गांत नेऊन ठेवाव्या लागतात.