दिनविशेष : १ नोव्हेंबरच्या निमित्ताने



 शाळेच्या फळ्यावर रोज ‘दिनविशेष’ लिहिण्याची प्रथा आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. त्या साध्या प्रथेकडे आज थोडे डोळसपणे पाहावे, असा माझा मानस आहे. उदाहरणादाखल १ नोव्हेंबर हा एकच दिवस घेतो.

१७५५ साली या दिवशी लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. १८५८ साली याच दिवशी अलाहाबादेस राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा वाचला गेला आणि कंपनीचे राज्य संपले. १९५४ मध्ये पाँडिचेरीचा कारभार फ्रेंचांकडून भारताकडे आला. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना अंमलात आली, १९६६ मध्ये हरियाणा आणि २००० मध्ये छत्तीसगड ही राज्ये जन्मास आली. फळ्यावर या ओळी एकीखाली एक बसतात आणि त्या जणू एकाच कुळातील आहेत, असा भास होतो. परंतु भूकंपाने तारीख निवडली नव्हती. राज्यकर्त्यांनी ती निवडली. पहिला योगायोग, दुसरा निर्णय. हा भेद फळा सांगत नाही. तो शिक्षकाने सांगावयाचा असतो.

निर्णय म्हटला की तो कोणासाठी आणि कोणाच्या जीवनावर, हा प्रश्न येतोच. त्याचे उत्तर आपल्या आदिलाबादच्या मातीत आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची त्रिस्थळी वाटणी झाली. तेलंगण आंध्रात, मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि कन्नड मुलूख म्हैसूर राज्यात गेला. त्याच दिवशी आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके, तसेच बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मुंबई राज्यास जोडले गेले. उलट नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे इकडे आली. आज ती निर्मल जिल्ह्यात आहेत. राजुरा प्रथम नांदेडात आणि पुढे १९५९ साली चांदा जिल्ह्यात गेला. घराचा उंबरठा जागच्या जागी राहिला. राज्य मात्र बदलले. अर्ज कोणत्या भाषेत लिहावा, मुलास पुढील शिक्षणासाठी कोठे पाठवावे, सोयरीक कोणत्या राज्यात जुळवावी, हे प्रश्न त्या दिवसापासून नव्याने उभे राहिले. जुन्या राजुरा तालुक्यातील, आता जिवती तालुक्यात मोडणाऱ्या काही सीमावर्ती गावांवर तर पुढेही दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला.

आता या एकाच दिवसाची नावे पाहा. बंगळुरात तो राज्योत्सव, बेळगावच्या मराठी माणसांसाठी काळा दिवस, आंध्र प्रदेशात राज्याचा स्थापनादिन. २०१४ नंतर तेलंगणाने २ जून हा आपला दिवस मानला. या नावांपैकी एकही खोटे नाही. मात्र किनवट आणि भैंसा यांची अदलाबदल यांपैकी एकाही नावात मावत नाही.

मी आयुष्यभर भाषा शिकविली, म्हणून एका शब्दाकडे लक्ष वेधतो. ‘तारीख’ हा शब्द अरबीतून आला. मूळ भाषेत त्याचा अर्थ दिवसही होतो आणि इतिहासही. आपली ‘तवारीख’ त्याच धातूची. मराठीत आपण दोन्ही वेगळे केले. म्हणून तारीख पाठ होते आणि इतिहास निसटतो. याच भूमीत त्याचे उलट उदाहरणही आहे. १९४० साली जोडेघाटास कुमराम भीम यांनी प्राण अर्पण केले. त्यांची पुण्यतिथी गोंड बांधव आश्विन पौर्णिमेस पाळतात. इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते, चंद्र बदलत नाही. स्मृती टिकण्यास सरकारी दिनदर्शिका लागतेच असे नाही. स्मरण करणारा समाज मात्र लागतो.

म्हणून या शाळेतील शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे. १ नोव्हेंबरला फळ्यावर जगाची एक ओळ लिहा, देशाची एक लिहा आणि तिसरी ओळ विद्यार्थ्याला घरी विचारून आणू द्या : त्या दिवशी आपले गाव कोणत्या राज्यात होते आणि कोणत्या राज्यात गेले? तेलुगू, मराठी, गोंडी, उर्दू बोलणाऱ्या घरांतून येणारी उत्तरे एकसारखी नसतील. ती सर्व फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत, कोणतेही पुसू नये. ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो, त्या गुरुजनांना यापरते उचित अभिवादन मला सुचत नाही.