फळ्यावरची रेघ



समुद्रापासून इतक्या दूर, भरवेलीच्या मँगनीज खाणीशेजारी उभा राहून मी समुद्रातील तेलगळतीविषयी का बोलावे, असा प्रश्न आपणांस पडला असेल. ज्यांच्या स्मृत्यर्थ आपण जमलो आहोत, त्या गुरुजींपाशीच त्याचे उत्तर आहे.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईनजीक 'एमएससी चित्रा' व 'खलिजिया-३' या जहाजांची टक्कर झाली. 'चित्रा' कलंडले, कंटेनर समुद्रात कोसळले आणि सुमारे ८०० टन तेल पाण्यात गेले. नारळी पौर्णिमा २४ ऑगस्टला होती. होड्या समुद्रात लोटण्याचे ते दिवस. पण कोळी बांधवांना जाळी आवरून बसावे लागले.

तटरक्षक दलाने तेल विखुरणारी रसायने फवारली. शांत पाण्यात तवंगाला तरंगते अडसर घालून तेल उपसता येते. पावसाळी लाटांपुढे ते अडसर टिकत नाहीत. खारफुटीत शिरलेले तेल तर अधिकच दुःसाध्य. खारफुटीची श्वसनमुळे चिखलाबाहेर डोकावून हवा घेतात. त्यांवर तेलाचा लेप बसला की झाड गुदमरते. ते पुसावयास माणसे उतरली, तर त्यांच्याच पायांनी तेल चिखलात खोल रुतते. तेल खाणारे जिवाणू आहेत. परंतु त्यांचे काम प्राणवायूवाचून मंदावते आणि चिखलाच्या पोटात तो जवळजवळ नसतोच. तात्पर्य, सांडलेले सारे तेल परत गोळा होत नाही. खरा उपाय सांडण्यापूर्वीचा.

शाळकरी वयात मी सुटीत एका गॅरेजमध्ये काम करीत असे. एकदा इंजिनाचे जळके तेल मी नाल्यात ओतले. गुरुजींनी ते पाहिले, पण ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी फळ्यावर एक लांब रेघ ओढली आणि तिच्यावर क्रमाने लिहिले : नाला, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी, बंगालचा उपसागर. रेघेच्या आरंभी त्यांनी माझे नाव लिहिले.

मुंबईच्या तेलगळतीची वार्ता वाचली, तेव्हा मला ती रेघ आठवली. जहाजाच्या कप्तानाला दोष देणे सोपे असते. आपला डबा नाल्यावर रिता न करता जळके तेल साठवून पुनर्शुद्धीसाठी देणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. मित्रांनो, भरवेलीलाही समुद्रकिनारा आहे. तो आपल्या नाल्यापासून सुरू होतो.