मातृभाषेपुढची एक ओळ



मुलीचे नाव शाळेत घालायला आम्ही उभयता परळला गेलो होतो. मी गिरगावचा, मराठी. पत्नी तेलुगू, तिचे आजोबा विणकामासाठी लोअर परळच्या गिरणीत आलेले. अर्जात ‘मातृभाषा’ या शब्दापुढे एकच ओळ होती. “दोन भाषा लिहू का?” मी विचारले. कारकून म्हणाले, “साहेब, आई एकच असते ना?” सगळे हसले. मीही हसलो आणि ‘मराठी’ लिहून मोकळा झालो. आता पाहा, मातृभाषा म्हणजे आईची भाषा. आणि ती आई माझ्या शेजारीच उभी होती!

पुढे पत्नी पालकसभेला येईनाशी झाली. मुलगी चारचौघांत आजीला ‘अम्मम्मा’ म्हणायला लाजू लागली. चूक एकट्या शाळेची नव्हती, माझीही होती.

ती सुधारली वर्गाच्या बाईंनी. त्यांनी आजींना निरोप धाडला, ‘एक तास आमच्या वर्गात या.’ आजी आल्या. ओकटि, रेंडु, मूडु असे दहापर्यंत आकडे त्यांनी मुलांकडून म्हणवून घेतले. पुढच्या सभेला पत्नी आपण होऊन गेली.

मुंबई महापालिकेच्या शाळांत मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड अशी आठ माध्यमे आहेत. पण एकाच घरात दोन भाषा, दोन जाती किंवा दोन धर्म असले, म्हणजे शाळा गोंधळते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने भिन्नधर्मीय लग्नांना वाट दिली. आंतरजातीय विवाहातील मुलाची जात नेहमी वडिलांवरूनच ठरते असे नाही, ते कोणत्या वातावरणात वाढले हेही पाहावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितले. कायदा पुढे गेला. आपली विचारपूस मात्र मागे राहिली.

खेड्यातल्या गुरुजींनी हे मुंबईचे कौतुक समजू नये. जत-अक्कलकोटकडे मराठी-कानडी घरे आहेतच की! २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश आईवडील वा पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. त्या जागांवर अशा घरची एखादी आई बसवा. अर्ज भरताना दोघांनाही विचारा, ओळ अपुरी पडली तर समासात लिहा. आणि भर वर्गात मुलाला “तू नक्की कुणाचा?” असे कधी विचारू नका. ते दोघांचेही असते.