फुप्फुसांचे विकार आणि हृदयावरील भार
(जे. पी. नगर, बंगळूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जे. पी. नगरच्या सीमेलगत रागीगुड्डा नावाची एक लहानशी खडकाळ टेकडी आहे. टेकडीच्या माथ्यावर मारुतीचे मंदिर आहे. सायंकाळी दर्शनास येणाऱ्या माणसांकडे पाहिले असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. कोणी एका दमात पायऱ्या चढून जातो, तर कोणी मध्येच कठड्याचा आधार घेऊन उभा राहतो. अशा माणसास विचारावे, तर बहुधा एकच उत्तर मिळते, "आता वय झाले." हे उत्तर सोयीचे आहे, कारण त्यानंतर कोणालाच काही करावयाचे उरत नाही. परंतु वय वाढले एवढ्याच कारणाने माणसाला दहा पायऱ्यांवर थांबावे लागत नाही. धाप ही एक सूचना असते. ती फुप्फुसांकडून आली, हृदयाकडून आली, की दोहोंकडून, हे ठरविणे महत्त्वाचे असते; आणि ते वेळीच न ठरल्याने पुष्कळ माणसे अकारण दगावतात.

ह्याच परिसरात बन्नेरघट्टा रस्त्यावर श्री जयदेव हृद्रोग संस्था आहे. तेथून काही किलोमीटरांवर, होसूर रस्त्याच्या बाजूस, छातीच्या विकारांवर उपचार करणारी राजीव गांधी संस्था आहे. हृदयाचा रोगी एका इमारतीत जातो, फुप्फुसांचा दुसऱ्या. व्यवस्थेच्या दृष्टीने हे योग्यच आहे. मात्र शरीरात अशा दोन इमारती नाहीत. बरगड्यांच्या एकाच पिंजऱ्यात ही दोन्ही इंद्रिये परस्परांना चिकटून असतात आणि एकाचे दुखणे दुसऱ्याच्या दारी गेल्यावाचून राहत नाही.

हे कसे घडते ते पाहण्यापूर्वी रक्ताचा मार्ग थोडक्यात पाहावयास हवा. हृदय हा एक पंप आहे असे आपण म्हणतो. वस्तुतः ते एकमेकांस जोडलेले दोन पंप आहेत. उजवा पंप शरीरातून परत आलेले, प्राणवायू संपलेले रक्त फुप्फुसांकडे पाठवितो. तेथे ते शुद्ध होऊन डाव्या पंपाकडे येते आणि तेथून सर्व शरीरास पोहोचते. रक्त फुप्फुसांतून फिरून येते ही गोष्ट तेराव्या शतकात अरब वैद्य इब्न अल्-नफीस याने लिहून ठेविली होती. १६२८ मध्ये इंग्रज वैद्य विल्यम हार्वे याने रक्ताभिसरणाचे संपूर्ण चित्र जगापुढे मांडले.

या दोन पंपांचे काम सारखे नाही. विश्रांतीच्या स्थितीत दोघेही मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलतात. परंतु डाव्या पंपाला ते डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोहोचवावयाचे असते, म्हणून त्याच्या भिंती जाड असतात. उजव्याला ते शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच न्यावयाचे असते. तेथे तीस कोटींहून अधिक वायुकोश आहेत, आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक वाहिन्यांचे इतके विस्तीर्ण जाळे आहे की रक्ताला जवळजवळ विरोध होत नाही. शरीराच्या मुख्य रोहिणीतील सरासरी दाब पाऱ्याच्या सुमारे ९० ते १०० मिलिमीटर असतो; फुप्फुस-रोहिणीतील दाब मात्र १५ च्या आसपासच. उजव्या निलयाच्या भिंती त्यामुळे पातळ असतात. सपाट रस्त्यावर हलकी गाडी ओढणाऱ्या बैलासारखी त्याची स्थिती असते. अडचण येते ती रस्ता चढाचा झाला म्हणजे.

फुप्फुसे बिघडली म्हणजे हा चढ निर्माण होतो. वर्षानुवर्षे धूर ओढल्याने श्वासनलिका सुजतात, कफाने भरतात, वायुकोशांच्या भिंती फाटून त्यांच्या मोठ्या ढिल्या पिशव्या बनतात. ह्या रोगाला आज 'सीओपीडी' या संक्षिप्त नावाने ओळखतात. घरोघरी त्याला 'म्हातारपणीचा दमा' म्हणतात. वायुकोशांबरोबर त्यांच्याभोवतीच्या वाहिन्याही नष्ट होतात, आणि तेवढेच रक्त थोड्या वाटांनी जाऊ लागते.

याहून महत्त्वाचे कारण दुसरेच आहे. १९४६ मध्ये स्वीडनमधील शास्त्रज्ञ फॉन ऑयलर आणि लिलियेस्ट्रांड यांनी मांजरांवरील प्रयोगांत असे दाखविले की, श्वासातील प्राणवायू कमी केला असता फुप्फुसांतील रक्तदाब वाढतो. शरीरातील इतर वाहिन्या प्राणवायू कमी पडताच रुंदावतात. फुप्फुसांतील वाहिन्या मात्र आकुंचन पावतात. ह्यात निसर्गाची एक काटकसर आहे. फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात हवा पोहोचत नसेल, तर तेथे रक्त पाठवून उपयोग नाही. म्हणून ती वाट बंद होते आणि रक्त हवेशीर भागाकडे वळते. दोष एका कोपऱ्यात असेल तोवर ही युक्ती हितकारक ठरते. परंतु दोन्ही फुप्फुसांत सर्वत्र प्राणवायू अपुरा पडू लागला की सगळ्याच वाटा एकदम अरुंद होतात. पुढे ह्या वाहिन्यांच्या भिंती जाड होऊन अरुंदपणा कायमचा होतो.

विरळ हवेच्या उंच प्रदेशात हीच गोष्ट निरोगी प्राण्यांतही दिसते. अमेरिकेतील कोलोरॅडोच्या डोंगराळ कुरणांवर नेलेल्या काही गुरांच्या गळ्याखाली आणि छातीपुढे पाणी साठून सूज येते, असे पशुवैद्यांना गेल्या शतकाच्या आरंभापासून ठाऊक आहे. त्या सुजेचे मूळ थकलेल्या उजव्या हृदयात असते. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे; एवढ्या उंचीने असे काही होत नाही. येथील रोग्यांच्या बाबतीत दोष उंचीचा नसून धुराचा व दुर्लक्षाचा असतो.

जिवंत माणसाच्या हृदयातील दाब मोजणे एके काळी अशक्य मानले जात असे. १९२९ मध्ये वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टराने स्वतःच्याच हाताच्या नीलेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत सरकविली आणि क्ष-किरण चित्र घेऊन ती तेथे पोहोचल्याचे सिद्ध केले. पुढे न्यूयॉर्कमध्ये आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी ही पद्धत विकसित करून हृदयाच्या व फुप्फुसांच्या रोग्यांतील दाब प्रत्यक्ष मोजले. १९५६ चे नोबेल पारितोषिक ह्या तिघांना विभागून मिळाले. आज फुप्फुस-रोहिणीतील सरासरी दाब विश्रांतीच्या स्थितीत २० मिलिमीटरांच्या वर असेल, तर तो अधिक समजला जातो.

वाढलेल्या दाबापुढे उजवे निलय प्रथम आपली भिंत जाड करते. काही काळ त्याचे निभते. नंतर ते ताणले जाते, फुगते आणि थकते. शरीरातून परत येणारे रक्त तुंबू लागते. मानेच्या शिरा फुगलेल्या दिसतात, यकृत वाढून उजव्या बरगडीखाली जड वाटते, घोट्यांवर सूज येते व बोटाने दाबले असता खळगा राहतो. ओठ निळसर होतात. ह्या अवस्थेस वैद्यकात 'कॉर पल्मोनेल', म्हणजे फुप्फुसजन्य हृद्रोग, असे नाव आहे. इतकी वर्षे खोकणाऱ्या माणसाच्या पायाला सूज आली, तर घरच्यांना त्या दोन गोष्टींचा संबंध सुचत नाही. तो संबंध असा आहे.

ह्या रोगाच्या इतिहासात भारताचे एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि ते डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती यांच्या नावाशी जोडलेले आहे. १९१७ मध्ये ब्रह्मदेशात जन्मलेल्या आणि रंगूनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या पद्मावती ह्या भारतातील पहिल्या महिला हृद्रोगतज्ज्ञ होत. इंग्लंड-अमेरिकेतील उच्च शिक्षणानंतर त्या दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात काम करू लागल्या. पाश्चात्त्य ग्रंथांत फुप्फुसजन्य हृद्रोग हा मुख्यतः विडी-सिगारेट ओढणाऱ्या, वयस्क पुरुषांचा रोग म्हणून वर्णिलेला होता. दिल्लीच्या रुग्णालयांत मात्र ह्या रोगाने पछाडलेल्या स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने येत. त्यांतील बहुसंख्य कधीही धूम्रपान न करणाऱ्या होत्या, आणि रोग त्यांना पुरुषांहून लवकर गाठत होता. १९५९ मध्ये पद्मावती आणि त्यांचे सहकारी पाठक यांनी १२७ रोग्यांचा अभ्यास 'सर्क्युलेशन' या अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध केला.

स्त्रिया विडी ओढत नव्हत्या. परंतु त्या धूर ओढतच होत्या. गोवऱ्या, काटक्या आणि भुसा जाळणाऱ्या चुलीपुढे, बिनखिडकीच्या खोलीत, मूल कडेवर घेऊन त्यांचे दिवसाचे कित्येक तास जात. डोळ्यांना येणाऱ्या पाण्याची दखल कोणी घेत नसे, मग आतल्या हृदयाची कोण घेणार? चुलीच्या धुराकडे हृदयाचा शत्रू म्हणून पाहावयास जगाला शिकविणाऱ्या आरंभीच्या अभ्यासांत ह्या अभ्यासाची गणना करावी लागेल. पन्नास वर्षांनी, २००९ मध्ये, पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 'लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांतील सीओपीडीकडे वैद्यकविश्वाचे पुन्हा एकदा लक्ष वेधले. २०१६ पासून उज्ज्वला योजनेद्वारे ग्रामीण घरांत गॅसच्या जोडण्या मोठ्या प्रमाणावर पोहोचल्या. तथापि सिलिंडर संपला आणि हाताशी पैसे नसले की चूल पुन्हा पेटते. शिवाय शहरात येऊन गॅसवर स्वयंपाक करू लागलेल्या आजींच्या फुप्फुसांत तारुण्यातील चुलीच्या खुणा राहतातच.

शहराचा स्वतःचा असा वाटाही आहे. बंगळूरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. एच. परमेश यांनी येथील रुग्णालयात आलेल्या १८ वर्षांखालील मुलांची वीस वर्षे पाहणी केली. त्यांत दम्याचे प्रमाण १९७९ मध्ये ९ टक्के होते, ते १९९९ मध्ये २९.५ टक्क्यांवर गेलेले आढळले. येथे एक भेद स्पष्ट करावयास हवा. लहान वयातील दमा उपचारांनी आटोक्यात राहतो आणि त्यामुळे हृदय सहसा बिघडत नाही. परंतु ज्या हवेत मुलांच्या श्वासनलिका आकसतात, त्याच हवेत त्यांचे आजी-आजोबा श्वास घेतात. आणि वाहनांच्या धुरातील अतिसूक्ष्म कण फुप्फुसांना व रक्तवाहिन्यांना दोहोंना अपाय करतात, हे आता निर्विवाद आहे.

यावरून फुप्फुस आणि हृदय यांच्यातील दुसऱ्या नात्याकडे वळता येते. फुप्फुसांतील जुनाट दाह फुप्फुसांपुरता राहत नाही. त्याचे परिणाम रक्तातून सर्वत्र पोहोचतात आणि हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांचे काठिण्य वाढते. सीओपीडीच्या रोग्यांपैकी पुष्कळांचा अंत श्वास कोंडून न होता हृदयविकाराने होतो. छातीत जंतुसंसर्ग होऊन रोग एकाएकी बळावतो, त्यानंतरच्या दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका विशेष वाढलेला असतो.

उलट दिशेनेही हे नाते तितकेच खरे आहे. डावे हृदय दुबळे झाले, किंवा संधिवाताच्या तापाने त्याची झडप अरुंद झाली, तर रक्त फुप्फुसांत तुंबते. रोगी मध्यरात्री गुदमरून उठून बसतो, छातीत घरघर होते, आणि शेजारी म्हणतात, "दमा आहे." दम्याची औषधे चालू होतात व हृदय तसेच राहते. औषधांच्या बाबतीतही सावधगिरी लागते. हृद्रोगावरील काही बीटा-रोधक औषधे दमेकऱ्याच्या श्वासनलिका आकुंचित करू शकतात. म्हणून एका डॉक्टरची चिठ्ठी दुसऱ्याला दाखविणे हे रोग्याचे कर्तव्यच समजावे. याच भीतीने सीओपीडीच्या रोग्यांना ही औषधे पूर्वी सरसकट नाकारली जात. मुख्यत्वे हृदयावर काम करणारी त्यांतील औषधे त्यांना बहुधा देता येतात, असे आता आढळून आले आहे.

उपाय काय? पहिला उपाय धूर थांबविणे हाच होय. सिगारेट सोडल्याने गेलेले वायुकोश परत येत नाहीत. परंतु उरलेले वाचतात, आणि हृदयाचा धोका लवकर उतरू लागतो. दुसरा उपाय निदानाचा. नळीत जोराने फुंकून करावयाची श्वासमापन चाचणी, हृदयाचा विद्युत-आलेख आणि प्रतिध्वनी-चित्रण ह्या तिन्ही तपासण्या वेदनारहित आहेत. धाप लागणाऱ्या माणसाच्या दोन्ही इंद्रियांची तपासणी व्हावी, एकीत दोष सापडला म्हणून दुसरी सोडून देऊ नये. फ्लू व न्यूमोनिया यांवरील लसींविषयी डॉक्टरांना विचारावे.

तिसरा उपाय प्राणवायूचा. १९८१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने प्राणवायूची तीव्र कमतरता असलेल्या ८७ रोग्यांवरील चाचणी प्रसिद्ध केली. ४२ जणांना घरी रोज किमान १५ तास प्राणवायू दिला गेला. ४५ जणांना दिला गेला नाही. पाच वर्षांत पहिल्या गटातील १९ जण मृत्यू पावले, दुसऱ्या गटातील ३०. हा उपाय सर्वांसाठी नव्हे. रक्तातील प्राणवायू मोजून, ठरवून दिलेल्या प्रमाणातच तो घ्यावयाचा असतो, कारण काही रोग्यांना अधिक प्राणवायू अपायकारक ठरतो. परंतु आवळलेल्या वाहिन्या सैल होतील आणि थकलेल्या उजव्या हृदयाचा चढ थोडा उतरेल, तर आयुष्य वाढते, हे या आकड्यांनी दाखविले.

डॉ. पद्मावती यांनी १०३ वर्षांचे आयुष्य पाहिले आणि २९ ऑगस्ट २०२० रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. जन्मभर हृदयाची चिकित्सा करणाऱ्या ह्या विदुषीचा अंत कोविडमुळे, फुप्फुसांच्या संसर्गाने झाला. हृदय ओळखावयाचे तर प्रथम स्वयंपाकघरातील धूर पाहावा, हा त्यांचा धडा मात्र मागे राहिला आहे.

उद्या सायंकाळी रागीगुड्ड्याच्या पायऱ्यांवर कोणी थांबलेला दिसेल. तो आपल्यांपैकीच कोणाचा तरी वडील असेल किंवा आई असेल. त्याला "सावकाश चढा" असे सांगणे हा सौजन्याचा भाग झाला. मागच्या वर्षी तो कोणत्या पायरीवर थांबत असे, घोट्यांवर सूज येते काय, रात्री उशा वाढवाव्या लागतात काय, आणि पूर्वी घरात चूल होती काय, एवढे चार प्रश्न विचारणे हे त्याहून मोठे सौजन्य होय.