उडी मारून झाल्यावर

(यवतमाळात तरुण कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला इथं खेळावर बोलायला सांगितलंय. चळवळीच्या बैठकीत खेळ कशाला, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. त्याचं उत्तर आधी देतो. पहाटे पाचला यवतमाळच्या बाहेर पडा. दारव्ह्याचा रस्ता घ्या, आर्णीचा घ्या, पांढरकवड्याचा घ्या. काळोखात पोरं पळताना दिसतील. आता पोरीही दिसतात. कुणी कापूस वेचणाऱ्या बाईचं लेकरू, कुणी हमालाचं. पोलीस भरतीची तयारी चाललेली असते. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. आपल्या वस्तीत शरीर हीच पहिली इस्टेट आहे. बापाकडून सातबारा मिळत नाही, पाय मिळतात. तेव्हा ज्यांनी पायाच्या जोरावर जग जिंकलं त्यांचं पुढं काय झालं, हा सवाल आपलाच आहे.

मी तिहेरी उडीबद्दल बोलणार. धावत यायचं, पट्टीवर पाय मारून उडायचं आणि त्याच पायावर उतरायचं. म्हणजे आपली लंगडीच. तिथून दुसऱ्या पायावर टप्पा. आणि त्या पायावरून शेवटची उडी, थेट वाळूत. लोक बघतात ती वाळू. पण मधल्या दोन वेळा उतरताना खाली वाळू नसते. कठीण जमीन असते, आणि एकट्या पायावर अख्ख्या वजनाच्या दहापटीहून जास्त मार बसतो. घोटा, गुडघा, कंबर, जे कच्चं असेल ते आधी जातं.

मी शाळेत ही उडी मारायचो. शाळेत खड्डा नव्हता. काळ्या मातीत आम्हीच तो खणला आणि अरुणावतीची वाळू सायकलवर पोत्यानं आणून भरली. येणारेजाणारे म्हणायचे, "काऊन बे, पोरीवानी लंगडी खेळून राह्यला?" जिल्ह्यातून विभागापर्यंत गेलो. तिथं गुडघा गेला. ज्यांनी नेलं होतं त्यांनी सर्टिफिकेट दिलं आणि एसटीत बसवून दिलं. पुढचा इलाज बापाच्या मजुरीतून झाला. माझं एवढंच. आता मोठ्यांचं सांगतो.

ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली ती १८८८ साली. त्यानंतर एकोणचाळीस वर्षांनी, १९२७ मध्ये, साओ पाउलो शहरात एका काळ्या रेल्वे कामगाराच्या घरी आदेमार फरेरा दा सिल्वा जन्मला. आई लोकांचे कपडे धुवायची. विशी गाठेपर्यंत या पोराला तिहेरी उडी म्हणजे काय हे धड माहीतही नव्हतं. पाच-सहा वर्षांत तो जगात पहिला झाला. हेलसिंकी ऑलिंपिक, तारीख २३ जुलै १९५२. जुना जागतिक विक्रम १६.०१ मीटरचा, तोही त्याच्याच नावावर. त्या एका दुपारी तो विक्रम त्यानं चार वेळा ओलांडला. सर्वांत लांब उडी १६.२२ मीटर. १९५६ मध्ये मेलबर्नला पुन्हा सुवर्ण. ब्राझीलला लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळवून देणारा हा पहिला माणूस, आणि तो धोबिणीचा पोरगा.

आता २३ जुलै १९५२ ही तारीख ध्यानात धरा. त्याच शहरात, त्याच दिवशी, कुस्तीच्या गादीवर आपला खाशाबा जाधव कांस्यपदक घेत होता. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा पैलवान. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं, मध्ये चव्वेचाळीस वर्षं गेली. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. गावानं वर्गणी काढली. परत आला तेव्हा बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मग? १९५५ मध्ये पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागला, उभी हयात नोकरीत घालवली, निवृत्तीनंतर पेन्शनसाठी झगडत राहिला. १९८४ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मेल्यावर, सोळा-सतरा वर्षांनी. बैलगाड्या गावानं जोडल्या होत्या, सरकारनं नव्हे. हा फरक विसरू नका.

इथं एक कायदाही समजून घेतला पाहिजे. त्या काळी ऑलिंपिकला जाणारा खेळाडू 'हौशी' असला पाहिजे, खेळातून एक पैसाही घेता कामा नये, असा दंडक होता. ऐकायला केवढं पवित्र वाटतं! पण हौस कुणाला परवडते? ज्याच्या घरी पिढीजात पैसा आहे त्याला. अमेरिकेतल्या आदिवासी जमातीचा जिम थॉर्प. १९१२ मध्ये स्टॉकहोमला दोन सुवर्णपदकं जिंकली. पूर्वी कधी तो चार पैशांसाठी बेसबॉल खेळला होता, हे कळताच १९१३ मध्ये दोन्ही काढून घेतली. तो १९५३ मध्ये गरिबीत मेला. पूर्ण मान परत मिळाला २०२२ मध्ये. पोट भरण्यासाठी खेळणं हा गुन्हा ठरवणारे लोक कोण होते, ते वेगळं सांगायला नको.

आदेमार या दंडकातून कसा तरला? उड्या मारत असतानाच तो शिकत राहिला. शिल्पकला शिकला, शारीरिक शिक्षण शिकला, कायदा शिकला, पुढं जनसंपर्काचंही शिक्षण घेतलं. फिनलंडला जायच्या आधी तिथल्या भाषेतली वाक्यं पाठ करून गेला आणि तिथल्या लोकांशी त्यांच्या बोलीत बोलला. १९५९ मध्ये 'ब्लॅक ऑर्फियस' या सिनेमात त्यानं मृत्यूचं काम केलं. त्या सिनेमाला कान महोत्सवातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. १९६० मध्ये रोमला तो चौदावा आला. पुढं १९६४ ते १९६७ तो नायजेरियात ब्राझीलच्या वकिलातीत सांस्कृतिक अधिकारी होता. ज्या आफ्रिकेतून पूर्वजांना साखळदंडात बांधून नेलं, त्या आफ्रिकेत त्यांचा वारस सरकारी प्रतिनिधी म्हणून गेला. २००१ मध्ये वारला. ज्या क्लबात त्यानं उडी शिकली त्या साओ पाउलो फुटबॉल क्लबच्या बोधचिन्हावर आजही दोन सोनेरी तारे आहेत, १९५२ आणि १९५५ च्या त्याच्या विश्वविक्रमांचे. फुटबॉलच्या क्लबानं उडीवाल्याला छातीवर वागवलंय.

आता दुसरा. जुआंव कार्लोस दे ऑलिव्हेरा. त्याच साओ पाउलो राज्यातलं पिंदामोन्यांगाबा नावाचं गाव, जन्म १९५४ चा. आई लहानपणीच गेली. सात वर्षांचा असताना तो लोकांच्या गाड्या धुवायचा. पुढं सैन्यात शिपाई झाला. १५ ऑक्टोबर १९७५ ला मेक्सिको शहरात त्यानं उडी मारली, १७.८९ मीटर. आधीचा विक्रम सोव्हिएत संघाच्या सानेयेव्हचा, १७.४४. म्हणजे एका झटक्यात पंचेचाळीस सेंटिमीटर पुढं. मेक्सिकोची हवा विरळ, तिचा फायदा होतो, हे खरं. पण ती हवा सगळ्यांनाच होती. हा विक्रम १९८५ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. पोरगा एकवीस वर्षांचा होता. देशानं त्याचं नावच बदललं: जुआंव दो पुलो, उडीवाला जुआंव.

माँट्रिअलला १९७६ मध्ये कांस्य. मॉस्कोला १९८० मध्ये पुन्हा कांस्य. मॉस्कोत त्याच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या कॅम्पबेलच्या मिळून बारा उड्यांपैकी नऊ पंचांनी बाद ठरवल्या. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. आणि डिसेंबर १९८१ मध्ये हमरस्त्यावर मोटारीचा अपघात. कित्येक महिने दवाखान्यात गेले, शेवटी उजवा पाय कापावा लागला. वय सत्तावीस-अठ्ठावीस.

ज्याचं नावच उडी होतं, त्याचा पाय गेला. मग नाव कशाला राहिलं? तर मतांना. १९८६ आणि १९९० मध्ये तो राज्याच्या विधानसभेवर निवडून आला. पुढं हरला. हरल्यावर आजूबाजूची गर्दी पांगली. दारू, एकटेपणा, पैशाची चणचण. २९ मे १९९९ ला वारला. आदल्या दिवशी पंचेचाळीस पूर्ण झाली होती.

आता काही शहाणे म्हणतील, बघा, एक शिकला म्हणून तरला, एक प्यायला म्हणून बुडाला. ही ऐदी लोकांची नीती आहे. ती मी तुम्हाला शिकवायला आलेलो नाही. दारू शेवटी आली. आधी काय काय झालं ते बघा. सैन्यानं त्याचा पाय वापरला, देशानं त्याचं पदक वापरलं, पक्षानं त्याचं नाव वापरलं. सात वर्षांच्या गाडी धुणाऱ्या पोराला शाळेत कुणी नेऊन बसवलं नाही. आणि पाय कापलेल्या माणसाला, बाबा, उद्यापासून तू कोण, हे कुणी विचारलं नाही. आदेमारला निदान शिकण्याची दारं सापडली, आणि ज्या क्लबानं त्याला घडवलं तो त्याला विसरला नाही. दोघांची मेहनत सारखीच होती. भोवतीची माणसं सारखी नव्हती.

आपल्याकडचं उदाहरण तर तुम्हाला ठाऊकच आहे. बाळू पालवणकर, चांभाराचा पोरगा, १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेणारा. पुण्याच्या मैदानावर चेंडू टाकायला त्याचा हात चालायचा. चहा मात्र त्याला बाहेर, मातीच्या भांड्यात. आणि कप्तानपद कधीच नाही. हात चालतो, माणूस चालत नाही. काळ्या माणसाचा पाय काय आणि बाळूचा हात काय, हिशेब एकाच वहीतला आहे.

तेव्हा करायचं काय? पहाटे पळणाऱ्या पोरांना पळू नका असं मी सांगणार नाही. पळा. जोरात पळा. पण तीन गोष्टी करा.

एक. तुमच्या तालुक्यात पुसद, उमरखेड, वणी, घाटंजी, जिथले असाल तिथं, विभाग आणि राज्यापर्यंत खेळलेल्या जुन्या माणसांना शोधा. बायांना विसरू नका. आज ते काय करतात, कुणाचा गुडघा गेला, इलाज कुणी केला, ते वहीत लिहा. आपला इतिहास आपण लिहिला नाही तर मिरवणुकीचे फोटो तेवढे उरतील.

दोन. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यात खोटी सर्टिफिकेटं घेऊन घुसलेले सापडले आहेत. माहितीचा अधिकार हातात आहे, अर्ज टाका. आपल्या जिल्ह्यात त्या जागा कुणाला गेल्या, ते मागा.

तीन. मैदानावर नेणाऱ्या प्रत्येकाला आधीच विचारा: पाय मोडला तर दवाखान्याचा खर्च कोण देणार? उत्तर लेखी घ्या. विचारायला लाजू नका. सर्टिफिकेटावर सही करणारा हात या कागदावरही सही करू शकतो.

वाळूत उतरलेल्या माणसाला उठून पुन्हा चालायचं असतं. त्या चालण्याची तजवीज ज्या खेळात नाही, त्या खेळाच्या टाळ्यांना भुलू नका. पहिला अर्ज या सोमवारी टाकायचा. कोण कोण येतंय, हात वर करा.

जयभीम.