छातीत दुखते तेव्हा



आम्ही डॉक्टर नव्हे, बँकेतले कारकून, तेही कला शाखेचे. तरी हा विषय मागून घेतला, त्यास कारण आहे. मार्चअखेरच्या गडबडीत शेजारच्या टेबलावरील सहकारी छाती चोळू लागले. दरदरून घाम, डावा हात जड. ‘अॅसिडिटी असेल’ म्हणून आम्ही त्यांना सोडा पाजला आणि जिना उतरवून रिक्षाने घरी धाडले. इस्पितळात नेले ते रात्री. ते वाचले, पण एक जिना चढले तरी त्यांना आज धाप लागते. सोडा आमच्याच हातचा होता.

पुढे डॉक्टरांना विचारून जे कळले ते सांगतो. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळते ते करोनरी धमन्यांतून. त्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षे चरबी साचते. तंबाखू, विडी, मधुमेह, रक्तदाब यांनी हे काम लवकर होते. एके दिवशी तो थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते व वाट बंद होते. पलीकडचा स्नायू एकदम मरत नाही, हळूहळू मरत जातो. मेलेला भाग पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून घाई.

दुखणे कधी जबड्यात, पाठीत, पोटाच्या वरच्या भागातही येते. आमची फसगत तिथेच झाली. मधुमेही व स्त्रियांना कधी नुसती धाप, घाम, मळमळ एवढेच होते. आपल्या घरच्या बायका तर स्वयंपाक आटोपेपर्यंत बोलतच नाहीत!

पहिला ईसीजी चांगला आला तरी निर्धास्त होऊ नये. डॉक्टर तो पुन्हा काढतात, रक्तातील ट्रोपोनिन तपासतात. धमनी पूर्ण बंद असेल तर फुग्याने ती उघडतात. ही अँजिओप्लास्टी १९७७ साली झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी प्रथम केली. आता बहुधा जाळीची नळी, म्हणजे स्टेंटही बसवितात. तशी सोय दोन तासांत मिळणार नसेल, तर गुठळी विरघळविणारे इंजेक्शन तालुक्याच्या ठिकाणीही देता येते. ते बारा तासांपर्यंत चालते, पण खरा लाभ पहिल्या दोन-तीन तासांत. खर्चाच्या धास्तीने थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयांत अँजिओप्लास्टीची सोय आहे.

रुग्णाला चालवू नये, बसवावे, १०८ ला फोन करावा. अॅस्पिरीन चघळायला द्यायची की नाही हे फोनवरच्या डॉक्टरांना विचारावे.

आमच्या शाखेत सुट्ट्यांच्या यादीशेजारी हा १०८ आकडा आम्हीच लिहून लावला आहे.